१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न येण्याची गंमत

१२३४५६७८९८७६५४३२१. हा आकडा तुम्ही बघितलेला असणारच, व्हॉट्सअ‍ॅपवर, त्रिकोणी रचनेत. वर १ × १ = १, त्याखाली ११ × ११ = १२१, त्याखाली १११ × १११ = १२३२१, असं करत करत सगळ्यात तळाला हा, आणि शेवटी हात जोडलेला इमोजी नि 'गणितातला चमत्कार, पुढे पाठवा' वगैरे. चमत्कार-बिमत्कार काही नाहीये. आकडा भारीच आहे, पण तो का भारी आहे हे त्या फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही, आणि ते कळलं की तो अजूनच आवडायला लागतो, म्हणून हे लिहितोय. शाळेतला उभ्या मांडणीचा गुणाकार आणि 'हातचा एक' एवढं आठवत असेल तर बास, बाकी काही लागत नाही.

आधी वाचायचा कसा ते बघू. सतरा अंकी आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम टाकले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असा दिसतो आणि बोलायला गेलं की तोंडाला फेस येतो, कारण कोटीच्या वर आपण रोज काही मोजतच नाही, मग '१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१' असं कोटी-कोटी करत बसावं लागतं. पण ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावतीत एककापासून वर अठरा स्थानांची नावं दिलीत, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. (हिंदीतले अरब-खरब शंभर-शंभरपटीने जातात, ते यात मिसळू नका, त्यावरून भांडणं होतात.) या हिशोबाने आपल्या आकड्यातला डावीकडचा पहिला १ बरोबर सतराव्या, म्हणजे 'मध्य' स्थानावर बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

केवढा मोठा ते कळायचं असेल तर समजा दर सेकंदाला एक असे आकडे मोजत गेलात, न झोपता न जेवता, तर इथपर्यंत पोचायला साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. म्हणजे आज संपवायचं असेल तर डायनासोर यायच्याही बरंच आधी सुरुवात करायला हवी होती.

आता मुद्द्याचं. हा आकडा म्हणजे १११११११११ चा वर्ग, नऊ वेळा एक लिहायचं आणि त्याला त्यानेच गुणायचं. असं जिन्यासारखं उत्तर का येतं ते छोट्या उदाहरणात बघू, १११ × १११ :

    १११
  १११०
१११००
———
१२३२१

गुणायचं तर काहीच नाहीये, कारण एकाने गुणलं की तीच ओळ परत येते, फक्त दरवेळी एक घर डावीकडे सरकून. मग उभ्या रकान्यांची बेरीज. उजवीकडच्या टोकाला एकच १, पुढच्या रकान्यात दोन, मधल्यात तीन, मग परत दोन, परत एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक एवढंच सांगतो की त्या रकान्यात किती एक पडले. बाकी काही नाही, नुसती मोजणी आहे. नऊ एक घेतले तर नऊ ओळी, रकाने चढत चढत मधे नऊपर्यंत जातात आणि तसेच उतरतात, आणि नऊ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक असल्यामुळे कुठेही हातचा येत नाही. सगळं सौंदर्य या एका गोष्टीत आहे. हातचा आला नाही म्हणून मोजणी जशीच्या तशी दिसत राहिली.

आणि म्हणूनच फॉरवर्ड नेहमी नवावर थांबतं! दहा एक घेऊन करून बघा. रकान्यांची मोजणी होते १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १. आता मधला १० एका घरात मावत नाही. उजवीकडून या, ९ पर्यंत सगळं ठीक, मग १० आला, शून्य लिहा हातचा एक, पुढचा ९ अधिक हातचा एक परत १०, शून्य लिहा हातचा एक, पुढचा ८ अधिक एक झाले ९, इथे हातचा जिरला, मग ७, ६, ५ नीट खाली. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. नीट बघा यात काय झालंय. डावीकडच्या चढणीतून ८ गायब, ७ नंतर एकदम ९, आणि मधे दोन शून्यं. फॉरवर्ड बनवणाऱ्याला ही ओळ नको असते कारण ती 'बिघडलेली' दिसते, मला विचाराल तर आख्ख्या त्रिकोणातली हीच सगळ्यात बोलकी ओळ आहे, आणि ते हरवलेलं ८ आपल्याला पुढे परत भेटणार आहे.

या आकड्यांचं आपल्याकडे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, शिक्षण ठाण्याला नि मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, नोकरी आयुष्यभर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरची. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर झालं, विशेषतः १९७५ साली मार्टिन गार्डनर या गणितावर लिहिणाऱ्या लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या त्याच्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. पण त्यांनी असल्या आकड्यांच्या अजूनही बऱ्याच जाती शोधून काढल्या आणि त्यातल्या एकीला नाव दिलं डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. १, १२१, १२३२१ ते आपल्या सतरा अंकी गड्यापर्यंतच्या या माळेला गणिताच्या जगात आजही 'वंडरफुल डेम्लो नंबर्स' म्हणतात. डोंबिवलीकरांनी खरं तर स्टेशनात पाटी लावायला हवी, इंडिकेटरवर लोकल लेट दाखवण्यापेक्षा बरं.

कापरेकरांची कल्पना ढोबळमानाने अशी, की आकड्याचे तीन तुकडे करायचे, डावा, मधला, उजवा. मधल्यात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा, आणि डावा अधिक उजवा केलं की तोच अंक परत परत आला पाहिजे. आपल्या आकड्याचं करून बघा. मधे ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज? ९९९९९९९९. आठही घरात नऊ, कारण प्रत्येक घरात १+८, २+७, ३+६ अशाच जोड्या समोरासमोर येतात.

आता अंकांची बेरीज. १ ते ८ चढताना ३६, मधे ९, उतरताना परत ३६, एकूण ८१, म्हणजे ९ × ९. योगायोग वाटतो पण नाहीये. वरची मांडणी आठवा, नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे कागदावर एकूण ८१ एक पडलेत, आपण ते फक्त रकान्यांनुसार मोजले, हातचा न आल्यामुळे एकही एक इकडचा तिकडे झाला नाही, मग बेरीज ८१ नाही येणार तर काय येणार. दहाच्या ओळीत बघा, १०० एक पडतात पण उत्तराच्या अंकांची बेरीज भरते ८२ च, कारण प्रत्येक हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ कमी होतात, हातचे दोन आले, अठरा गेले, १०० वजा १८ म्हणजे ८२. हिशोब चोख.

बेरीज ८१ आहे म्हणून आकड्याला ८१ ने भाग जातो असं काही जण ठोकून देतात, ते मात्र चूक. म्हणजे भाग जातो हे खरं आहे, कारण चुकीचं आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ लाच चालते, पुढे नाही. १८९९ ची बेरीज २७ येते पण १८९९ ला २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. आपल्या आकड्याला ८१ ने भाग जातो तो वेगळ्या कारणाने. १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, बेरीज ९, म्हणून त्याला ९ ने भाग जातो, आणि मुळालाच ९ ने भाग जात असेल तर वर्गाला ८१ ने जाणारच.

तर ते ९ काढून घेऊ. १११११११११ ÷ ९ = १२३४५६७९. भेटलं ना परत? ८ पुन्हा गायब! दुकानात असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर घ्या आणि १२३४५६७९ गुणिले ९ करा, स्क्रीन एकांनी भरते. ६३ ने गुणा, सात वेळा नऊ ना, म्हणून सातच सात, ७७७७७७७७७. पोरांना दाखवायला एकदम भारी आहे. पण ८ का नाहीये हे बघायचं असेल तर कॅल्क्युलेटर ठेवा बाजूला आणि हाताने गुणा. उजवीकडून, नऊ नव्वे ८१, एक लिहा हातचे ८. पुढे ७ × ९ = ६३, अधिक हातचे ८ झाले ७१, एक लिहा हातचे ७. मग ६ × ९ = ५४ अधिक ७ म्हणजे ६१, परत एक. ५१, ४१, ३१, २१, ११, प्रत्येक वेळी शेवटी एकच उरतो. आता ७ आणि ९ च्या मधे ८ घुसवून बघा, ८ × ९ = ७२, अधिक हातचे ८ झाले ८०, शून्य लिहावं लागलं, सगळी मजा गेली. म्हणजे ९ मधून जे हातचे ८ निघतात ते ७ लाच हवे असतात, ८ ला त्यात जागाच नाहीये.

हेच दुसऱ्या बाजूनेही दिसतं. १ ला ८१ ने भागलं तर दशांशात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं अनंतापर्यंत फिरत राहतं, ८ टाळून. कारण तिथेही आतून १, २, ३, ४ अशीच मोजणी चालू असते, ९ नंतर १० येतो, तो मावत नाही, त्याचा हातचा ९ ला जातो, ९ चे १० होतात, त्यांचा हातचा ८ ला, आणि ८ चे ९ होतात. म्हणजे ८ कुठे हरवलं नाही, त्याला हातचा मिळाला आणि ते ९ होऊन बसलं. दहा एकांच्या वर्गात जे झालं तेच.

अजून फोडू. १२३४५६७९ ही दिसायला एवढी सरळ संख्या, पण ती ३७ × ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या, पुढे फुटत नाहीत. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या मोठ्या आकड्यात हे सगळे दुप्पट वेळा, चार वेळा ३, दोनदा ३७, दोनदा ३३३६६७. ३७ कुठून आला म्हणाल तर ३७ × ३ = १११, आणि नऊ एकांमध्ये तीन-तीनचे तीन गट बसतात म्हणून १११ आत आहेच. उरलेला भाग १००१००१, तो ३ × ३३३६६७.

यावरून एकूण विभाजक किती तेही पटकन निघतं. विभाजक बनवायचा म्हणजे ३ किती वेळा घ्यायचा ते ठरवायचं, शून्य ते चार, पाच पर्याय. ३७ चे तीन पर्याय, ३३३६६७ चेही तीन. ५ × ३ × ३ = ४५. एवढ्या अवाढव्य आकड्याला नेमके ४५ विभाजक. आणि ४५ विषम आहे हेही लक्षात घ्या. एरवी विभाजक जोडीजोडीने येतात, एक लहान एक मोठा, दोघांचा गुणाकार म्हणजे ती संख्या, त्यामुळे एकूण सम येतात. फक्त पूर्ण वर्ग संख्येत मधल्याला जोडीदार नसतो, तो स्वतःच स्वतःची जोडी असतो. इथे चढत्या क्रमाने लावले तर तेविसावा विभाजक म्हणजे १११११११११, एकटा मधे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, ही फॉरवर्डमध्ये कधी दिसली नाही. कापरेकरांचीच अजून एक जात आहे, कापरेकर संख्या, म्हणजे वर्ग करा, वर्गाचे दोन तुकडे करा, बेरीज करा, सुरुवातीची संख्या परत. २९७ चा वर्ग ८८२०९, तोडा ८८ आणि २०९, बेरीज २९७. मस्त ना. मग १११११११११ ला हीच परीक्षा लावून बघू. वर्ग आपला, उजवीकडचे नऊ अंक तोडा, ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज करा. ९९९९९९९९९! नापास झाला, कारण १११११११११ यायला हवे होते, पण नापास तरी कसा, बरोबर नऊपट उत्तर देऊन. (आणि ९९९९९९९९९ स्वतः मात्र कापरेकर संख्या आहे, त्याचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तुकडे तोडून बेरीज करा.)

याचं कारण एका ओळीत सांगता येतं. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लावा, १२३४५६७९००००००००० झालं, त्यातून १२३४५६७९ वजा करा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. संपलं! म्हणजे आपला आकडा = १२३४५६७९ × ९९९९९९९९९, आणि ज्याला नऊ नव्वांनी भाग जातो त्याचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून बेरीज केली की नऊ नव्वांचीच पट येते, ९ च्या कसोटीचंच हे मोठं रूप. ही वजाबाकी कागदावर एकदा करून बघाच, शून्यांच्या रांगेतून उसने घेत घेत ते ९८७६५४३२१ कसं उमटतं ते बघायला फार छान वाटतं.

कॉम्प्युटरवर करून बघणार असाल तर जपून. एक्सेलमध्ये =१११११११११*१११११११११ टाकून सेल नंबर फॉरमॅटमध्ये आणला तर येतं १२३४५६७८९८७६५४३००, शेवटचे २१ खाल्ले, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढचं धरतच नाही. (सोळा अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये टाकल्यावर शेवटचा अंक शून्य होतो ना, तो याच भानगडीमुळे, आधारचे बाराच अंक म्हणून ते वाचतं.) ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केलं तर शेवटी ३२१ च्या जागी ३२०. तिथे ९००७१९९२५४७४०९९२ म्हणजे २ चा ५३ वा घात, त्याच्या पलीकडे लगेच फक्त सम संख्याच नीट साठवता येतात आणि आपली आहे विषम, म्हणून शेजारच्या समवर जाऊन बसते. पायथॉन या दुसऱ्या भाषेत मात्र बरोबर येतं, त्याला पूर्णांक कितीही लांब चालतो.

राहता राहिला प्रश्न की नऊमध्ये काही खास आहे का. नवग्रह, नवरात्र, नवरस सगळं लोक यात आणून जोडतात, जोडू देत. गणिताच्या बाजूने बघितलं तर नऊ खास आहे ते फक्त आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून, दहाला हातचा येतो म्हणून नऊ शेवटचा सुरक्षित अंक. आपण आठच्या पटीत मोजत असतो, म्हणजे अंक फक्त ० ते ७ आणि आठ झाले की '१०' लिहायचं, तर हाच त्रिकोण सात एकांवर थांबला असता, १११११११ × १११११११ = १२३४५६७६५४३२१, आणि आठ एकांना बिघडला असता, मग फॉरवर्डमध्ये सात हा पवित्र आकडा आणि सप्तर्षी, सप्तसूर, सप्तपदी आले असते. सोळाच्या पटीत पंधरा एकांपर्यंत मजल जाते. आणि कॉम्प्युटर आतमध्ये दोनच्या पटीत चालतो, तिथे तर अंकच ० आणि १, दोन झाले की हातचा, त्यामुळे ११ × ११ करायला गेलं की पहिल्याच फटक्याला १००१ येतं, म्हणजे आपल्या भाषेत तीन त्रिक नऊ.